मैदान तिचं, पगार कचेरीचा

नेटबॉल हा जन्मापासून मुलींचा खेळ. १८९५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये मार्टिना बर्गमन-ओस्टरबर्ग यांच्या महिला व्यायाम महाविद्यालयात तो बास्केटबॉलमधून घडू लागला. १९६० मध्ये कोलंबोत त्याची आंतरराष्ट्रीय संघटना आकाराला आली आणि १९९८ च्या क्वालालंपूर राष्ट्रकुल स्पर्धेत त्याला स्थान मिळालं. ऑस्ट्रेलियात २०१७ पासून सुपर नेटबॉल लीग चालते आणि तिथे खेळाडू पगारावर खेळतात. भारतात महासंघ १९७८ पासून आहे, पण खेळाडूच्या पोटापाण्याची सोय त्यातून उभी राहिली नाही. प्राची तेहलान हिच्या नेतृत्वाखाली भारताने २०११ मध्ये श्रीलंकेतील दक्षिण आशियाई बीच स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. पाच वर्षांत ती दूरचित्रवाणी मालिकेत दिसू लागली. कर्णधारपदाचा मान मिळाला, त्यावर जगता येईल असा पेशा मात्र देशात तयार नव्हता.

महाराष्ट्राने हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधले. मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेची सुरुवात १९६०-६१ मध्ये कोल्हापुरात झाली. क्लब, शाळा, आंतरशालेय सामने यांतून खेळाडू तयार होत गेल्या आणि त्यांच्या चरितार्थाचा भार रेल्वे, बँका, आयकर खातं, शासकीय नोकरीतील खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण यांनी उचलला. तेव्हाच्या उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) सारिका काळे हिने २०१६ च्या गुवाहाटी दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्ण जिंकून दिलं, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तोवर ती तुळजापुरात क्रीडा अधिकारी झाली होती. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आयकर खात्यात नोकरी करत होती. दोघींची कारकीर्द एकच गोष्ट सांगते: मैदानावर कमावलेल्या कौशल्याचा मोबदला मैदानाने नव्हे, कचेरीने दिला.

यावर कोणी म्हणेल, नोकरी आयुष्यभराची, लीग चार दिवसांची. मग तक्रार कशाची? आक्षेप रास्त आहे. २०१६ ची महिला कबड्डी चॅलेंज तीन संघांपुरती झाली आणि एका हंगामानंतर थांबली. पण नोकरी पदक मिळवलेल्या मोजक्या मुलींना मिळते. पदकापर्यंत पोचण्याआधीची दहा वर्षं घरच्या पैशावर काढावी लागतात आणि ज्या घरी पैसा नाही, तिथली मुलगी मध्येच गळते. दुसरा आक्षेप प्रेक्षकांचा. महिलांच्या सामन्यांना गर्दी होत नाही म्हणतात, पण २०२२ मध्ये सुरू झालेली अल्टिमेट खो-खो लीग केवळ पुरुषांची होती. जे दाखवलंच नाही, ते पाहिलं जात नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे.

वसई-विरारला हे प्रकरण लांबचं वाटायचं कारण नाही. २००९ मध्ये महापालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत बारा लाखांवर होती. सारिका काळेचं उस्मानाबाद त्याच जनगणनेत सव्वा लाखाच्याही आत होतं. खेळाची आवडही इथे मुबलक आहे. चिमाजी आप्पा मैदानावरचा कला-क्रीडा महोत्सव आणि २०११ पासूनची महापौर मॅरेथॉन ही त्याची साक्ष. मॅरेथॉनमध्ये बक्षिसाची रक्कम ठेवल्यावर देशभरातून धावपटू येतात, म्हणजे पैसा आणि खेळ एकत्र आणण्याची रीत शहराला ठाऊक आहे. ती रीत मुलींच्या सांघिक खेळापर्यंत न्यावी. महापालिकेने खो-खो, कबड्डी आणि नेटबॉल यांचा मुलींचा एकेक संघ वर्षभराच्या मानधनावर बांधावा, प्रशिक्षक नेमावा आणि सामने स्थानिक शाळांच्या मैदानांवर भरवावेत. नोकरी हा कारकिर्दीचा शेवटचा आधार असावा, पहिला नव्हे. पालघर जिल्ह्यातली पुढची कर्णधार आज सातवी-आठवीत शिकत असेल. तिच्या घरच्यांनी तिला खेळू द्यावं असं वाटत असेल, तर तिच्या खेळाला आजच दाम द्यायला हवा.