धान्यरक्षणाची शब्दसंपत्ती : विदर्भातील स्त्रियांच्या एका विद्येचा इतिहास

पीक हाती आल्यानंतर त्याचा जो अंश माणसाच्या मुखी पडत नाही, त्याला आजच्या शास्त्रीय परिभाषेत ‘काढणीपश्चात हानी’ असे नाव आहे. संज्ञा अलीकडची असली, तरी तिच्यामागील चिंता फार जुनी आहे. या चिंतेचा लिखित इतिहास शोधू गेल्यास कोठारे, वखारी आणि कायदे हाती लागतात. घरातील दाणा ज्यांनी राखला त्या स्त्रियांविषयी दप्तरे बहुधा मौन पाळतात. परंतु दप्तर जेथे मुके होते तेथे भाषा बोलू लागते. नागपूर व वऱ्हाडकडील घराघरांतील शब्द नीट पाहिले, तर त्यांत एका संपूर्ण विद्येची नोंद आढळते.

प्रथम या शब्दांचे वय लक्षात घेतले पाहिजे. ‘खळे’ हा शब्द वैदिक ‘खल’ शब्दापासून आला. ‘सूप’ शूर्पापासून, ‘उखळ’ उलूखलापासून, ‘जाते’ यंत्रापासून आणि ‘कोठार’ कोष्ठागारापासून. इतकी दीर्घ परंपरा असलेल्या या शब्दसमूहात एक भेद मात्र स्पष्ट दिसतो. कोठारावरून ‘कोठारी’ व ‘कोठावळा’ ही पदनामे झाली आणि पुढे त्यांची आडनावेही झाली. सूप, उखळ आणि जाते यांवर आयुष्य वेचणारीला मात्र या साधनांवरून असे एकही मानाचे पदनाम लाभले नाही. तिचे काम क्रियापदांत राहिले : वाळवणे, पाखडणे, घोळणे, निवडणे, कांडणे, सडणे, भरडणे.

हानीविषयीच्या शब्दांतही असाच फरक आहे. हिशेबाच्या वहीत ‘तूट’ आणि ‘घट’ असे दोन शब्द पुरतात, कारण तेथे केवळ वजन मोजावयाचे असते. घरातील भाषेत पोचट दाणा वेगळा, कणी वेगळी, चुणी वेगळी आणि कोंडा वेगळा. प्रत्येकाला नाव आहे, म्हणून प्रत्येकाला जागाही आहे. कणी माणसाच्या पानात जाते, चुणी व कोंडा गुरांच्या घमेल्यात. ‘कोंड्याचा मांडा करणे’ हा वाक्प्रचार अशाच संसारातून जन्मला. दारिद्र्य त्यात आहेच. पण काहीही वाया जाऊ न देण्याचा काटेकोरपणाही आहे.

साठवणीच्या साधनांतून हीच विद्या दिसते. पूर्व विदर्भात धानासाठी बांबूची ढोली असे, अन्यत्र कणगी. तिला आतबाहेर शेणमातीने लिंपणे हे स्त्रियांचे काम. ज्वारीसाठी जमिनीत पेव खणीत. बियाणे व डाळी उतरंडीच्या मडक्यांत राहत. तुरीवर वा मुगावर बसणारा भुंगेरा पुष्कळदा शेतातच शेंगेवर अंडी घालतो आणि दाण्याबरोबर घरात येतो. दाण्याला एरंडेल तेल चोळल्याने ही अंडी गुदमरतात. हा किडा अखंड दाण्यातच चांगला वाढतो. त्यामुळे तुरीची डाळ वेळीच करून ठेवणे हेही एक संरक्षणच होय. राख, कडुनिंबाचा पाला आणि बिबा यांचा उपयोग याच परंपरेतला आहे.

या व्यवस्थेला पहिला धक्का बाजारपेठेने दिला. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपुरास पोहोचला, कापसाचे क्षेत्र विस्तारले आणि धान्य राखण्यापेक्षा विकणे सोपे झाले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी घरच्या साठ्याचे मोल पुन्हा दाखवून दिले. डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जो. कॉ. कुमारप्पा यांच्या चिटणीसपदाखाली त्याने हातसडीचा तांदूळ व घरचे जाते यांचा पुरस्कार केला, तेव्हा या कामाला सार्वजनिक विचारात प्रथमच प्रतिष्ठेचे स्थान मिळाले.

स्वातंत्र्यानंतर शासनाचे लक्ष प्रामुख्याने विकाऊ धान्याकडे गेले. १९५६ च्या अधिनियमाने वखार महामंडळांचा पाया घातला. पानसे समितीने अन्नधान्याची काढणीपश्चात हानी ९.३३ टक्के ठरविली आणि साठवणीतील नुकसान हा तिचा सर्वांत मोठा भाग असल्याचे दाखविले. १९६० नंतरच्या दशकात ‘धान्य वाचवा’ मोहीम सुरू झाली. पत्र्याच्या कोठ्या व पुसा कोठी गावोगाव दाखविण्यात आल्या. मातीच्या दोन भिंतींमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा घातलेली पुसा कोठी आणि शेणमातीने लिंपलेली ढोली यांचे तत्त्व मुळात एकच : ओल बाहेर ठेवणे. तरीही जिने पिढ्यान्पिढ्या ढोली लिंपली, ती या मोहिमेत केवळ शिकणारी ठरली. २०१५ च्या राष्ट्रीय पाहणीतही तृणधान्यांची हानी ४.६५ ते ५.९९ टक्के आणि कडधान्यांची ६.३६ ते ८.४१ टक्के आढळली. म्हणजे प्रश्न संपलेला नाही.

याचे एक कारण स्वामित्वात आहे. ‘शेतकरी’ म्हटले की मराठी वाक्य आपोआप पुल्लिंगी होते. ‘शेतकरीण’ हा शब्द असूनही सरकारी कागदांत तो क्वचितच येतो. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहितीधारकांमध्ये स्त्रियांचा वाटा सुमारे १४ टक्केच होता. जिच्या नावावर जमीन नाही, तिला कोठीसाठी वा वाळवणी यंत्रासाठी कर्ज मिळणे अवघड. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाचे बचत गट आणि १९८६ च्या चांदवड महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने चालविलेला ‘लक्ष्मीमुक्ती’ कार्यक्रम यांचे महत्त्व येथे कळते. मराठवाड्यात काम करणाऱ्या ‘एस फॉर एस टेक्नॉलॉजीज’ या संस्थेला २०२३ चे अर्थशॉट पारितोषिक मिळाले. तिच्या योजनेत सौर वाळवणी यंत्र ग्रामीण स्त्री स्वतः चालविते आणि वाळविलेल्या मालाचे मोल तिला मिळते. ‘वाळवण’ हे जुनेच काम. नवे आहे ते त्याचे मोल कोणाच्या हाती पडते हे.

या इतिहासाचा निष्कर्ष साधा आहे. विदर्भातील स्त्रीजवळ धान्य राखण्याचे ज्ञान होते आणि त्यासाठी नेमके शब्दही होते. उणीव होती ती अधिकाराची. यापुढील योजनांनी यंत्राबरोबर त्याचे स्वामित्वही तिच्या नावे केले, आणि शिकविण्यापूर्वी तिचे शब्द टिपून घेतले, तर ढोलीतला दाणा टिकेल. ढोल्या मोडत आहेत, त्यांबरोबर त्यांचे शब्दही जात आहेत. ते जाण्यापूर्वी गोळा करणे हे भाषेच्या अभ्यासकांचे कर्तव्य आहे, आणि शेतीचेही त्यात हित आहे.