निर्दोष सुटला, पण नोंदीचं काय?

मागच्या आठवड्यात विष्णुपुरीत टपरीवर एक पोरगं भेटलं. नवी नोकरी लागतेय, चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितलाय. गावातल्या भांडणात कधीकाळी नाव आलं होतं, कोर्टातून निर्दोष सुटलाय. मला म्हणाला, "दादा, ते अजून दिसत असंल का हो कॉम्प्युटरवर?"

आता माझी पदविका पत्रकारितेची, वकिलीची नाही. पण उत्तर शोधता शोधता थेट 1871 सालात गेलो.

त्या साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. जमातीची यादी करायची, रजिस्टर पोलीस अधीक्षकाच्या ताब्यात द्यायचं, हद्द सोडायची तर पास घ्यायचा. गुन्हा केला की नाही हा प्रश्नच नाही, जन्म झाला म्हणजे संशयित. 1911 ला तो कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला, वर बोटांचे ठसेही आले. ठशांची कचेरी कलकत्त्याला 1897 लाच निघाली होती. त्या पद्धतीमागं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्याच माणसांची मेहनत, नाव झालं साहेबाचं. आपलं नांदेड-लातूर तेव्हा निजामाकडं, पण तिथंही याच धर्तीचा कायदा होता.

31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला. नोंद करायची सवय गेली नाही. 1959 ला मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचलं नसेल तर वाचा, म्हणजे नोंदीचा धाक काय असतो ते कळेल.

तरी कागदाला एक मर्यादा होती. ठाण्यातलं रजिस्टर ठाण्यातच राहायचं, दुसऱ्या जिल्ह्याला माहिती हवी तर पत्र लिहा. ती मर्यादा आता राहिली नाही. 2009 ला मंजूर झालेल्या सीसीटीएनएसनं देशभरातली ठाणी जोडली, महाराष्ट्रात ते 2015 ला सुरू झालं. पुढं कोर्ट, तुरुंग, सरकारी वकील, न्यायवैद्यक प्रयोगशाळा एकमेकांना जोडायची यंत्रणा आली. पळून गेलेला आरोपी सापडायला हे चांगलंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

माझा मुद्दा पुसण्याचा आहे. 2022 च्या कायद्यानं ठसे, बुबुळांची नोंद वगैरे 75 वर्षं ठेवता येते. आधी शिक्षा नसलेला माणूस निर्दोष सुटला आणि अपिलंही संपली, की ती नष्ट करायची. मात्र कोर्ट लेखी कारण देऊन ठेवायला सांगू शकतं. पण हे कलम मोजमापांपुरतं आहे. ठाण्यातल्या गुन्ह्याच्या नोंदीला ते लागू नाही. तिथं नाव राहतं, आणि पुढं 'निर्दोष' हा शब्द चढला का, हे बघायला माणसालाच जावं लागतं.

2024 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं हिस्ट्रीशीटबद्दल सगळ्या राज्यांना सांगितलं, मागास समाजातल्या निरपराधांची नावं यांत्रिकपणे चढवू नका. ऑक्टोबरात पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तुरुंगाच्या रजिस्टरातला जातीचा रकानाच काढायला लावला. 1871 ते 2024, हिशोब तुम्हीच करा.

पोराला सांगितलं, फॉर्मवर लपवू नको. सरकारी नोकरीतल्या पडताळणीबद्दल कोर्टानं 2016 लाच म्हटलंय, खरं सांगितलेल्याच्या प्रकरणाचं स्वरूप बघा. निकालाची प्रमाणित नक्कल मात्र जवळ असू दे. सोमवारी तो नकलेचा अर्ज द्यायला नांदेडला जाणार आहे.