संगणकाचा खेळ आणि मैदानाची मालकी

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावी शाळा सुटल्यावर मैदानाकडे नजर टाकली, तर दोन तऱ्हेचे खेळ दिसतात. एकीकडे फक्कीने आखलेल्या रेषांमध्ये खो-खो रंगलेला असतो. दुसरीकडे कट्ट्यावर चार-पाच मुले एकाच मोबाइलमध्ये डोके घालून बसलेली असतात. पहिल्या खेळासाठी शाळा चषक देते, दुसऱ्यासाठी मोबाइल काढून घेते.

पण या दुसऱ्या खेळालाही आता ई-क्रीडा हे भारदस्त नाव मिळाले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने हा विषय क्रीडा विभागाकडे सोपवला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, पण ई-क्रीडेला स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिली. तेव्हा 'सर, आपल्या कॉलेजात याचा संघ का नाही?' हा प्रश्न येणारच. त्याचे उत्तर देण्यापूर्वी हा खेळ मुळात विद्यापीठांत शिरला कसा, ते पाहू या.

१९५२ साली केंब्रिज विद्यापीठात ए. एस. डग्लस हा तरुण डॉक्टरेटसाठी काम करत होता. माणूस आणि संगणक यांच्यातला व्यवहार कसा असावा, हा त्याचा विषय. उदाहरण म्हणून त्याने तिथल्या 'एडसॅक' संगणकावर आपला साधा फुली-गोळा बसवला. टेलिफोनची तबकडी फिरवून माणसाने आपले घर सांगायचे, आणि ठिपक्यांच्या छोट्या पडद्यावर संगणकाने आपली खेळी दाखवायची. हा खेळ करमणुकीसाठी नव्हता, प्रबंधातला तो एक दाखला होता.

खरी रंगत आली ती दहा वर्षांनी. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेला 'पीडीपी-१' नावाचा संगणक भेट मिळाला. त्याची किंमत सुमारे १,२०,००० डॉलर. त्या काळी बहुतेक ठिकाणी छिद्रे पाडलेली कार्डे खिडकीतून आत द्यायची आणि उत्तराची वाट पाहायची, अशी रीत होती. या यंत्रासमोर मात्र माणूस स्वतः बसू शके, कळ दाबताच पडद्यावर परिणाम पाहू शके. तिथल्या आगगाडीच्या प्रतिकृती बनवणाऱ्या मंडळातली मुले या यंत्रावर अक्षरशः तुटून पडली. दिवसा संशोधक यंत्र वापरत, म्हणून मुले रात्री येत.

स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी १९६२ मध्ये 'स्पेसवॉर' हा खेळ तयार केला. दोन याने, मध्ये एक तारा, आणि एकमेकांवर मारा. मूळ खेळ रसेलने लिहिला, पण तो तिथेच थांबला नाही. पीटर सॅमसनला पार्श्वभूमीवरचे मनमानी ठिपके खटकले. त्याने तिथे खऱ्या आकाशातले तारे मांडले. डॅन एडवर्ड्सने मधल्या ताऱ्याला गुरुत्वाकर्षण दिले. त्यामुळे यान ताऱ्याजवळ गेले की वेग घेई, आणि कुशल खेळाडू त्याच ओढीचा फायदा घेऊन वळसा मारी. क्षेपणास्त्रांवर मात्र गुरुत्वाकर्षणाचा परिणाम होत नसे, कारण तेवढे गणित करण्याइतका वेळ यंत्रापाशी उरत नसे! यंत्रावरच्या कळा दाबून खेळताना गैरसोय होई, म्हणून दोघांनी मंडळातलेच सुटे भाग जोडून हातात धरायच्या पेट्या बनवल्या.

इथे शिक्षकांनी थोडे थांबावे. ही मुले खेळत होती की शिकत होती? खेळाची आज्ञावली सर्वांसमोर उघडी होती. ज्याला जे खटकले, ते त्याने बदलले. पुढे तिच्या प्रती इतर विद्यापीठांत फुकट गेल्या.

१९ ऑक्टोबर १९७२ रोजी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत याच खेळाची स्पर्धा भरली. बक्षीस होते एका मासिकाची वर्षभराची वर्गणी. आज ई-क्रीडेचा इतिहास सांगणारे बहुतेक जण सुरुवात इथून करतात. पण त्याआधी वर्षभर, सप्टेंबर १९७१ मध्ये, त्याच विद्यापीठाच्या विद्यार्थी भवनात याच खेळाचे नाणे टाकून चालणारे यंत्र बसले होते. एका डावाला दहा सेंट. विद्यार्थी रांगा लावत, पण त्या यंत्रातली आज्ञावली बदलण्याची सोय त्यांना नव्हती. एकाच आवारात, एकाच खेळाच्या दोन वाटा इथे फुटलेल्या दिसतात.

इलिनॉय विद्यापीठात १९६० पासून 'प्लेटो' नावाची यंत्रणा संगणकाद्वारे शिकवण्यासाठी उभारली जात होती. सत्तरच्या दशकात विद्यार्थ्यांनी तिच्यावर अनेकांनी मिळून खेळायचे खेळ रचले. १९७५ साली एकाने अभ्यासाच्या धड्यासाठी राखलेल्या जागेत, धड्याचेच नाव ठेवून एक खेळ लपवला. व्यवस्थापक तो पुसून टाकत आणि तो पुन्हा उगवे. मोबाइल काढून घेणाऱ्या आपल्या शिक्षकांना हे ओळखीचे वाटेल.

याच काळात आपल्याकडे काय होते? बीडच्या महाविद्यालयांसाठी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले १९५८ साली. त्याआधी मराठवाड्याची महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने देशात बांधलेल्या संगणकाचे 'टिफरॅक' हे नामकरण पंडित नेहरूंच्या हस्ते झाले ते जानेवारी १९६२ मध्ये, म्हणजे स्पेसवॉरच्याच वर्षी. १९६४ मध्ये त्याच संस्थेत मोठा 'सीडीसी ३६००' संगणक आला. देशभरातल्या संस्थांची कामे तिथे छिद्रित कार्डांवरून होत. यंत्रे इतकी थोडी आणि कामे इतकी जास्त, की रात्री यंत्र मोकळे सोडून मुलांना त्याच्याशी खेळू देणे ही चैन होती. शाळांत संगणक आला तो १९८४-८५ मध्ये, 'क्लास' या सरकारी योजनेतून. सुरुवातीला सुमारे अडीचशे शाळांत. आमच्या मते आपल्याकडे बुद्धी कमी नव्हती. कमी होता तो यंत्रासमोर मोकळेपणी घालवायचा वेळ.

परदेशात हा खेळ पुढे विद्यापीठांच्या अधिकृत क्रीडा विभागात पोचला. २०१४ मध्ये शिकागोच्या रॉबर्ट मॉरिस विद्यापीठाने 'लीग ऑफ लेजंड्स' या खेळासाठी खेळाडूंना शिष्यवृत्ती जाहीर केली. सप्टेंबर २०१६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेने सुमारे ३,५०० चौरस फुटांचे, सत्तरहून अधिक संगणकांचे दालन उघडले. रात्री चोरून चाललेल्या खेळाला दिवसाढवळ्या जागा मिळाली, ही चांगलीच गोष्ट. पण एक गोष्ट हातची गेली. लीग ऑफ लेजंड्स एका कंपनीच्या मालकीचा आहे. त्याचे नियम कंपनी बदलते; आज्ञावली खेळाडूला उघडता येत नाही.

याची तुलना खो-खोशी करून पाहा. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधले. खांब, चौकोन, वेळ, सगळे ठरले. पण खेळ जिमखान्याच्या मालकीचा झाला नाही. फक्की आणि मोकळी जागा असली की आष्टी किंवा धारूरच्या शाळेला कोणाची परवानगी लागत नाही. याउलट मोबाइलवरच्या 'पबजी'वर सप्टेंबर २०२० मध्ये आपल्याकडे बंदी आली. त्याच्या जागी आलेला 'बीजीएमआय' जुलै २०२२ मध्ये रोखला गेला, आणि मे २०२३ मध्ये परतला. अधले दहा महिने त्या खेळाच्या खेळाडूंनी काय करायचे? कारणे काहीही असोत, मैदानच एका रात्रीत नाहीसे होऊ शकते, हे त्यातून कळले.

आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक घेऊन आला. लहानपणी तो शाळेसाठी रोज सहा किलोमीटर तुडवत असे. तो रस्ता कोणाच्या मालकीचा नव्हता, म्हणून तो त्याचे मैदान होऊ शकला.

तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजाने झगमगीत दालन बांधावे का? पैसे असतील तर जरूर बांधावे. पण इतिहास सांगतो की या खेळाने विद्यापीठाला खरे काही दिले, ते यंत्र मोकळे होते आणि खेळ उघडा होता तेव्हा. हे करायला लाखो रुपये लागत नाहीत. शाळेतले जुने पाच संगणक, वीज असेल तेव्हाची संध्याकाळची दोन तास उघडी प्रयोगशाळा, आणि एक शिक्षक. आई-वडील ऊसतोडीला गेल्यावर गावात मागे राहिलेल्या मुलांना तर संध्याकाळी जायला अशी एक जागा हवीच आहे. नववीतल्या मुलांना डग्लसचाच फुली-गोळा लिहायला सांगावा. संगणक एकदाही हरणार नाही, असा तो करून दाखवा म्हणावे. मग कट्ट्यावरची ती चार-पाच मुले डोके घालून बसतील, पण या वेळी खेळ त्यांचा स्वतःचा असेल.