जोडावरचं झाकण

फुलंब्रीच्या आमच्या घरात हॉलला पीओपीचं छत केलं आणि दुसऱ्याच पावसाळ्यात मधले तीन दिवे मिणमिणू लागले. वायरमननं बोर्ड उघडला, टेस्टर लावला, दिवे काढून पाहिले. सगळं ठीक. मग स्टुलावर चढून तो बोटांनी छत वाजवत फिरला आणि आईला म्हणाला, "मावशी, जोड वर कुठंतरी दाबलाय. फोडल्याशिवाय सापडायचा नाही." तिसऱ्या भोकात जोड सापडला. पीळ घातलेल्या दोन तारा, करपलेली चिकटपट्टी आणि वाटीएवढं पिवळं पडलेलं प्लॅस्टर. डबी नव्हतीच.

त्या नसलेल्या डबीला वायरमन जंक्शन बॉक्स म्हणतात. 'जंक्शन' हा शब्द आपल्याकडे रुळला रेल्वेमुळे. आमच्या भागातल्या माणसाला जंक्शन म्हटलं की मनमाड आठवतं. औरंगाबादहून मीटरगेजनं निघालेल्या माणसाला मुंबई गाठायची तर तिथं उतरून ब्रॉडगेज गाडी धरावी लागे. रूळ मिळतात ते जंक्शन हे खरंच, पण प्रवाशाच्या लेखी ती उतरण्याची जागा. विजेच्या डबीचं मर्मही तेच आहे: तारा मिळतात तिथं माणसाचा हात पोचला पाहिजे.

या डबीचं कूळ न्यूयॉर्कच्या रस्त्याखाली सापडतं. 4 सप्टेंबर 1882 रोजी पर्ल स्ट्रीटवरचं एडिसनचं वीजकेंद्र सुरू झालं. त्याची वीज जमिनीखालून जात होती. एडिसनचा सहकारी जॉन क्रूझी यानं त्यासाठी वीस फुटी लोखंडी नळ्या घडवल्या होत्या. आत तांब्याचे दांडे, ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून दोर गुंडाळलेला आणि भोवती डांबरी मिश्रण ओतलेलं. दोन नळ्यांच्या सांध्यावर लोखंडी पेटी बसवायची आणि तारांचे फाटे फुटतात तिथं जंक्शन पेटी. एडिसननं पुढं एक आठवण सांगितली आहे. ॲन आणि नासाऊ या रस्त्यांच्या कोपऱ्यावर जाणारे-येणारे घोडे अचानक उसळू लागले. पोलीस धावत वीजकेंद्रावर आला. शोधल्यावर कळलं की एका जंक्शन पेटीतून वीज गळून वरच्या ओल्या मातीत उतरते आहे. घरगुती दिव्यांची वीज नुकती कुठं चालू लागली होती, तेव्हाच तिची दुखरी जागा कळली होती: जोड.

याचं कारण साधं आहे. पीळ सैल झाला की तारांचा स्पर्श कमी होतो, रोध वाढतो आणि नेमकी तिथंच उष्णता होते. दिवा लागला की जोड तापून फुगतो, विझला की आकसतो. या रोजच्या हालचालीनं पीळ आणखी सैल होतो. जुन्या घरांतल्या ॲल्युमिनियमच्या तारांत हे लवकर घडतं, कारण हा धातू मऊ आणि त्यावर चढणारा ऑक्साइडचा थर वीज अडवणारा.

म्हणून नियम आले. अमेरिकेची राष्ट्रीय वीजसंहिता 1897 ची. भिंत किंवा छत न फोडता डबी उघडता आली पाहिजे, असं ती आज सांगते. भारतात 1910 चा वीज कायदा, 1956 चे नियम आणि 1985 ची राष्ट्रीय विद्युत संहिता आली. परवानाधारक ठेकेदाराकडूनच काम करून घ्या, हे 1956 च्या नियमांतच होतं. घरगुती वायरिंगचं भारतीय मानक आयएस 732 सांगतं, की जोड तपासता येईल असाच हवा. सवलत आहे ती जमिनीत पुरलेल्या केबलच्या किंवा मिश्रण भरून कायमच्या बंद केलेल्या जोडांसारख्या मोजक्या ठिकाणी. आपल्याकडच्या जाणत्या वायरमननं तर वाटेतला जोडच टाळला. फेज बोर्डात फिरवायची, न्यूट्रल दिव्याच्या पॉइंटवर फिरवायची आणि पाइपात अखंड तार ओढायची. यालाच लूपिंग म्हणतात.

आमच्या जुन्या माळवदाच्या घरात काही लपवायची सोयच नव्हती. तुळईवर लाकडी पट्टी, पट्टीवर क्लिपा, शेवटी गोल ब्लॉक आणि सीलिंग रोज. पोरालाही तार कुठून कुठं गेली ते दिसायचं. स्लॅब आला, पाइप काँक्रीटमध्ये गेले, पण फॅन बॉक्स आणि जंक्शन बॉक्स खालून उघडे राहिले, वर फक्त पांढरी प्लेट. पीओपीनं ते तोंडही झाकलं. जुना पॉइंट वर स्लॅबला राहतो, नवे दिवे खाली चार दिशांना पांगतात, जुनी तार पुरत नाही. म्हणून जोड मारावा लागतो, आणि छत गुळगुळीत दिसावं म्हणून तो गाडला जातो.

जोड मारणं हा दोष नव्हे. तो डबीत, कनेक्टरनं घट्ट करावा. डबी दिव्याच्या भोकातून हाताला लागेल अशी ठेवावी, नाहीतर तिच्याखाली उघडणारं झाकण द्यावं. छत बंद करण्याआधी फोटो काढून ठेवावा.

आमच्या वायरमननं डबी बसवली, कनेक्टर आवळले आणि झाकण लावण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं: हॉल, तीन दिवे, खाली तारीख. छतावर आता एक पांढरं वर्तुळ दिसतं. पुढच्या वायरमनला छत वाजवत फिरावं लागणार नाही.