फोटो भलत्याच प्रोग्रॅममध्ये का उघडतो?

मेलमधून आलेला फोटो सेव्ह केला, डबल क्लिक केलं आणि फोटो दिसण्याऐवजी एखादं अवजड एडिटिंग सॉफ्टवेअर दोन मिनिटं गोल गोल फिरत बसलं, हा अनुभव कम्प्युटर वापरणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी येतो. घरात मी एकटाच इंजिनिअर, त्यामुळे अशा वेळी मामा, मावशी, शेजारचे काका सगळे मलाच फोन लावतात. उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे : फाईलवर राइट क्लिक करा, 'ओपन विथ'मध्ये जा, हवा तो प्रोग्रॅम निवडा आणि 'नेहमी' हा पर्याय पक्का करा. पण 'हे मुळात होतंच का?' असं कुणी विचारलं, तर मला साठेक वर्षं मागे जावं लागतं. तोवर मामा फोन ठेवून मोकळा होतो.

१९६०च्या दशकात अमेरिकेतल्या डेक कंपनीच्या पीडीपी-६ आणि त्यानंतरच्या पीडीपी-१० या मशीनमध्ये मेमरीचा एक 'शब्द' ३६ बिटांचा असे. एका अक्षराला ६ बिट पुरत. म्हणजे एका शब्दात बरोबर सहा अक्षरं बसत आणि अर्ध्या शब्दात तीन. फाईलचं नाव सहा अक्षरी आणि तिचा प्रकार सांगणारं शेपूट तीन अक्षरी, ही वाटणी तिथली. जागा वाचवायची होती, इतकंच. १९७४ साली गॅरी किल्डॉलने छोट्या कम्प्युटरसाठी सीपी/एम लिहिली तेव्हा नाव आठ अक्षरांचं झालं, शेपूट मात्र तीनच राहिलं. १९८१च्या एमएस-डॉसनेही तेच उचललं. जेपीईजी या चार अक्षरी नावातला 'ई' गळून आपल्याकडे 'जेपीजी' आलं, ते या तीन अक्षरांच्या मर्यादेमुळे.

त्याच काळात युनिक्सवाल्यांनी वेगळा विचार केला. नावावर विश्वास ठेवायचाच कशाला? फाईल उघडून तिचे पहिले काही बाइट वाचा. १९७३पासून युनिक्समध्ये 'फाईल' नावाची एक कमांड आहे, ती हेच करते. जेपीईजी फाईलची सुरुवात २५५, २१६, २५५ या आकड्यांनी होते, मग तिचं नाव काहीही ठेवा. १९९६ साली आलेल्या पीएनजीचा पहिला बाइट १३७ आहे, आणि तो मुद्दाम निवडलेला आहे. त्या काळी काही यंत्रणा फाईल पुढे पाठवताना प्रत्येक बाइटचा आठवा बिट उडवत. तसं झालं तर १३७चे ९ होतात आणि फाईल वाटेत बिघडली हे पहिल्याच बाइटवर कळतं. असं काही वाचलं की मला त्या लोकांबरोबर बसून चहा प्यावासा वाटतो.

सगळ्यात देखणं उत्तर मात्र ॲपलचं होतं. १९८४च्या मॅकिंतॉशमध्ये प्रत्येक फाईलबरोबर चार-चार अक्षरांचे दोन संकेत साठवलेले असत : फाईल कसली आहे आणि ती कोणत्या प्रोग्रॅमने बनवली आहे. मॅकपेंटमध्ये काढलेलं चित्र मॅकपेंटमध्येच उघडे. नावात शेपटाची गरजच नव्हती. पण हे संकेत फाईलच्या आत नव्हते, डिस्कवरच्या तिच्या नोंदीत होते. मॅकवरून चित्र विंडोजवाल्याला पाठवलं की संकेत मागे राहत आणि समोरच्याला मिळे शेपूट नसलेली अनोळखी फाईल. देखणं, पण घराबाहेर निरुपयोगी.

मग ११ मार्च १९९२ रोजी बेलकोर या संस्थेतल्या नॅथॅनियल बोरेनस्टाइनने एक मेल पाठवला. त्यात त्याच्या चौघांच्या गायनमंडळाचा फोटो होता आणि त्यांच्या गाण्याचं रेकॉर्डिंग. आज आपण ज्याला अटॅचमेंट म्हणतो ती या माइम पद्धतीने पाठवलेली पहिली. त्याने आणि नेड फ्रीडने त्याच वर्षी जूनमध्ये माइमचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यानुसार पाठवणाऱ्याचा मेल-प्रोग्रॅम प्रत्येक अटॅचमेंटवर एक चिठ्ठी डकवतो, उदाहरणार्थ 'इमेज/जेपीईजी'. त्याला स्वतःलाच प्रकार कळला नाही, तर तो लिहितो 'ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम', म्हणजे साधारण 'हे काही बाइट आहेत, तुमचं तुम्ही बघा'.

आणि आपली गडबड इथेच होते. अटॅचमेंट विंडोजच्या डिस्कवर सेव्ह केली की ती चिठ्ठी टाकून दिली जाते. उरतं फक्त शेपूट. विंडोज रजिस्ट्रीत त्या शेपटाची नोंद शोधते आणि तिथे ज्या प्रोग्रॅमचं नाव असेल त्याला बोलावते. ही नोंद बरीच वर्षं कोणताही प्रोग्रॅम परस्पर बदलू शकत असे. स्कॅनरबरोबर आलेली सीडी टाकली, पाच वेळा 'नेक्स्ट' दाबलं, की घरातले सगळे जेपीजी त्या सीडीतल्या सॉफ्टवेअरचे झाले! माझ्या मते हा शुद्ध दांडगटपणा होता. २०१२च्या विंडोज ८पासून मायक्रोसॉफ्टने वापरकर्त्याच्या निवडीला एक हॅश जोडला. नोंद परस्पर बदलली तर हॅश जुळत नाही आणि ती मानली जात नाही.

त्याआधी मे २००० उजाडला होता. फिलिपिन्समधून एक मेल सुटला, विषय होता 'आय लव्ह यू'. अटॅचमेंटचं नाव 'लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस'. विंडोज ९५पासून ओळखीची शेपटं लपवायची पद्धत होती, दिसायला नीटनेटकं म्हणून. त्यामुळे शेवटचं 'व्हीबीएस' अनेकांना दिसलंच नाही. त्यांनी साधी टेक्स्ट फाईल समजून क्लिक केलं आणि नोटपॅडऐवजी स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम जागा झाला. त्याने ॲड्रेस बुकमधल्या सगळ्यांना तोच मेल पाठवला. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सला आपली मेलसेवा काही काळ बंद ठेवावी लागली.

या व्हायरसबद्दल लिहिताना मेल सर्व्हर ठप्प झाल्याचं सगळे सांगतात. मला त्याने फोटोंचं काय केलं ते जास्त लागतं. डिस्कवरच्या जेपीजी फाईलींच्या जागी तो स्वतःची प्रत लिहीत असे आणि नावाला 'व्हीबीएस' जोडत असे. शेपूट लपलेलं, त्यामुळे नाव जवळपास पूर्वीसारखंच दिसे. लग्नाचा फोटो पाहायला कुणी क्लिक केलं, की फोटोऐवजी व्हायरस पुन्हा चालू. आणि फोटो कायमचा गेलेला. तेव्हा क्लाउडवर आपोआप बॅकअप होत नव्हता. इतकं होऊनही विंडोज आजसुद्धा नव्या कम्प्युटरवर शेपटं लपवूनच देते. फाईल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन ती दाखवायला लावा, मी हे दिसेल त्या लॅपटॉपवर करतो.

फोनवर हे भांडण संपलेलं नाही. ॲन्ड्रॉइड ॲप निवडताना बहुधा बोरेनस्टाइनची चिठ्ठीच वाचतं आणि तुम्हाला 'फक्त एकदा' की 'नेहमी' असं विचारतं. २०१७पासून आयफोन फोटो एचईआयसी प्रकारात साठवतो आणि तो कित्येक विंडोज कम्प्युटरवर उघडतच नाही. मग लोक नाव बदलून जेपीजी करतात. आतले बाइट तेच राहतात. जो प्रोग्रॅम बाइट वाचतो आणि ज्याला एचईआयसी समजतं, तो फोटो दाखवतो. जो नावावर जातो, तो फाईल खराब असल्याचं सांगतो. युनिक्सची ती १९७३ची कमांड चालवली, तर ती पाचव्या बाइटपासूनची अक्षरं वाचून फाईल खरी कसली आहे ते अजूनही सांगते.