मोठ्या छेदाचे एक शतक

सरकारी दप्तराशी ज्यांचा जन्माचा संबंध आला आहे अशा आमच्या वाचकांस हे सांगावयास नको की, एकदा वहिवाट पडली म्हणजे ती का पडली हे विचारणारा मनुष्य विरळा. वैद्यकशास्त्रही ह्या दोषापासून मुक्त नाही. स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास हे त्याचे ठळक उदाहरण होय. हा विषय घरात काढावयाचा नाही असा संकेत आहे. म्हणूनच तो येथे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१८८२ साली अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड ह्या शल्यवैद्याने स्तन, त्याखालील छातीचे स्नायू व काखेतील ग्रंथी एकत्र काढून टाकण्यास प्रारंभ केला. रोग गाठीपासून काखेकडे व तेथून शरीरभर पायरीपायरीने जातो, सबब सगळा मुलूख साफ केला की शत्रू उरणार नाही, अशी त्याची विचारसरणी होती. १८९४ साली त्याने बाल्टिमोरहून ५० रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. छातीवर रोग पुन्हा उगवण्याचे प्रमाण त्याने पुष्कळ घटविले, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु जागेवर रोग न उगवणे निराळे आणि रोगी वाचणे निराळे. हा भेद विसरला गेला, आणि पुढे पाऊणशे वर्षे लहानशा गाठीलाही तोच मोठा छेद मिळत राहिला. बरगड्यांवर ताणलेली नुसती कातडी आणि सुजलेला हात ही जगण्याची किंमत समजली जाई. कित्येक स्त्रियांना गुंगी देताना, जाग येईल तेव्हा स्तन असेल की नाही, हेही ठाऊक नसे.

लंडनमध्ये जेफ्री केन्स (अर्थशास्त्रज्ञ केन्स ह्यांचे धाकटे बंधू) ह्यांनी लहान छेद व रेडियम ह्यांवर भागते, असे १९३७ साली मांडले. ऐकणारे थोडेच निघाले.

अखेर वाद मिटला तो वक्तृत्वाने नव्हे, मोजदादीने. पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर ह्यांचे म्हणणे असे की, रोगाचे कण प्रारंभीच रक्तावाटे दूर जाऊ शकतात. मग छेद वाढवून लाभ काय? १९७१ पासून त्यांनी १,६६५ स्त्रियांवर निरनिराळे उपचार ताडून पाहिले. कोणीस कोणता उपचार मिळावा हे चिठ्ठी टाकावी तसे दैवावर सोपविलेले होते. इटलीत मिलान येथे उम्बेर्तो व्हेरोनेसी ह्यांनी १९७३ ते १९८० ह्या काळात ७०१ स्त्रियांची अशीच तुलना केली. १९७६ पासून फिशर ह्यांनीही नुसती गाठ काढून पाहण्याची दुसरी चाचणी चालविली. २००२ साली दोघांचे २० वर्षांचे निष्कर्ष एकाच अंकात प्रसिद्ध झाले: स्तन राखला काय, काढला काय, आयुर्मानात फरक नाही. मात्र नुसती गाठ काढली तर १०० पैकी ३९ जणींच्या त्याच स्तनात रोग परतला; किरणोपचार जोडल्यावर १४ जणींच्या. आमच्या मते ह्या इतिहासाच्या खऱ्या नायिका त्या स्त्रिया होत, ज्यांनी स्वतःच्या देहाचा निर्णय अशा सोडतीवर सोपविला.

गाठ लवकर सापडावी कशी, ह्या प्रश्नाचे एक उत्तर मुंबईने दिले. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली १,५१,५३८ स्त्रियांची चाचणी आरंभिली. निम्म्या जणींना प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी, यंत्राविना, केवळ हाताने तपासून पाहत. २०२१ साली निष्कर्ष आला: पन्नाशीपुढील स्त्रियांत ह्या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, त्याखालील वयात तसा लाभ दिसला नाही.

बदलीच्या गावी डॉक्टर परका, भाषा परकी. घरची बाई गाठ पदराआड ठेवते आणि पुढल्या रजेत देशी गेल्यावर पाहू म्हणते. ह्या मौनाच्या मुळाशी बहुधा हॉल्स्टेडच्याच सुरीचे भय असते. प्रत्येकीचा स्तन राखता येतो असे नव्हे. पण लवकर दाखविलेल्या गाठीला आज तो मोठा छेद लागत नाही. एवढे वर्तमान तरी घरोघर पोहोचावे, आणि रजेची वाट पाहू नये.