लिनसच्या इनबॉक्समध्ये हरवलेले पॅच

तुम्ही पीएचडीला लागलात की पहिल्या महिन्यातच कुणीतरी सीनिअर सांगणार, "आधी गिट शीक." मग तुम्ही तासाभराचा एक व्हिडिओ बघता, ॲड, कमिट, पुश पाठ करता आणि कामाला लागता. मीही तेच केलं. गिट म्हणजे कोडचा बॅकअप, एवढीच माझी समजूत होती आणि ती दोन-अडीच वर्षं टिकली. मग आमच्या लॅबच्या सिम्युलेशन कोडची जबाबदारी माझ्याकडे आली, ज्युनिअर्स आपापले बदल पाठवायला लागले आणि कळलं, की कोड लिहिणं त्यातल्या त्यात सोपं. दुसऱ्यानं लिहिलेला वाचून "हो, घेऊ या" म्हणणं महाकठीण. गिट याच अडचणीतून जन्माला आलंय, म्हणून आज त्याची गोष्ट.

ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं आपण एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितोय असं इंटरनेटवर जाहीर केलं. तीच पुढे लिनक्स झाली. लोक सुधारणा पाठवायला लागले. कशा? ईमेलनं, पॅचच्या रूपात. पॅच म्हणजे अख्खी फाइल नव्हे, फक्त फरक: काढलेल्या ओळीपुढे वजा, नव्या ओळीपुढे अधिक. हा फरक जुन्या फाइलवर आपोआप चढवणारा प्रोग्रॅम लॅरी वॉलनं १९८५ मध्येच लिहिला होता (पर्ल भाषा याच माणसाची). म्हणजे बदल पाठवणं तेव्हाही स्वस्त होतं. वाचणारा मात्र एकच, लिनस.

१९९८ पर्यंत हे प्रकरण हाताबाहेर गेलं. लिनस तोवर अमेरिकेत नोकरी करत होता, घरात दोन लहान मुली होत्या. पॅच हरवायचे. हरवायचे म्हणजे नाकारले जायचे नाहीत, नुसतंच उत्तर यायचं नाही. मग पाठवणाऱ्यानं काय करायचं? परत पाठवायचा. त्यालाही उत्तर नाही आलं, तर आणखी एकदा. हा तिथला रिवाजच होऊन बसला. जर्नलला पेपर पाठवून आठ महिने वाट पाहिलेल्यांना ही भावना वेगळी समजावून सांगायला नको.

त्या वर्षी जोरदार भांडण झालं. लॅरी मॅकव्हॉय याचं म्हणणं, की वापरकर्ते वाढले तर मोठा सर्व्हर घेता येतो, पण लिनस मोठा करता येत नाही. तेव्हा साधन बदला. त्यानं बिटकीपर नावाचं साधन बांधायला घेतलं. जानेवारी २००२ मध्ये रॉब लँडली यानं दुसरा उपाय सुचवला: सुटे, छोटे पॅच गोळा करायला एक स्वतंत्र माणूस नेमा. एखाद्या कचेरीत आवक-जावक बघणारा असतो, साधारण तसा. लिनसनं नकार दिला. त्याची बाजू थोडक्यात अशी: मी मोजक्या लोकांकडून बदल घेतो, कारण त्यांच्या निवडीवर माझा विश्वास आहे, त्यांनी त्यांच्या विश्वासातल्यांकडून घ्यावेत. मला स्वतःला इथं लिनस बरोबर वाटतो. नुसत्या गोळा करणाऱ्या माणसामुळे वाचायचं काम कमी होत नाही, ढीग फक्त दुसऱ्या टेबलावर जातो. पण नवख्याचं काय? त्याला आधी विश्वासातला कुणीतरी गाठावा लागणार. ही तक्रार खोटी नव्हती आणि ती आजही मिटलेली नाही.

फेब्रुवारी २००२ मध्ये लिनसनं बिटकीपर वापरायला सुरुवात केली. कामाचा वेग वाढला, पण ते मालकीचं सॉफ्टवेअर होतं. फुकट मिळायचं, अट एवढीच की तुम्ही त्याच्याशी स्पर्धा करणारं साधन बनवायचं नाही. अनेकांना हे पटलं नाही. मग अँड्र्यू ट्रिजेल यानं बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलू शकणारा स्वतःचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. त्यानं काही घरफोडी केली नव्हती. सर्व्हरला टेलनेटनं जोडून घेतलं आणि "हेल्प" असं टाइप केलं, सर्व्हरनंच कमांडची यादी दिली. कंपनी चिडली, फुकट परवाना गेला. ३ एप्रिल २००५ ला लिनसनं गिट लिहायला घेतलं आणि ७ एप्रिलला गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला.

"चार दिवसांत गिट" ही कथा तुम्ही ऐकली असेल. ती ऐकताना मागची सात वर्षांची भांडणं त्यात धरा. वाद आधीच घासूनपुसून झाले होते, लिहायचं तेवढं उरलं होतं. पुरावा तुमच्याच लॅपटॉपवर आहे. "गिट लॉग"ला "फुलर" हा फॉरमॅट देऊन बघा: प्रत्येक कमिटला दोन नावं दिसतील. एक लिहिणाऱ्याचं, दुसरं नोंद करणाऱ्याचं. एकटेच काम करत असाल, तर दोन्हीकडे तुमचंच नाव. पण ही जागा ठेवली गेली ती दुसऱ्याचा पॅच वाचून आत घेणाऱ्यासाठी.

आता संशोधकांशी थेट संबंध असलेला भाग. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या काही संशोधकांनी, सदोष पॅच तपासणीतून निसटतात का हे पाहायला, मुद्दाम दोष ठेवलेले पॅच कर्नलच्या लोकांना पाठवले. पाठवताना सांगितलं नव्हतं. पेपर मोठ्या परिषदेत स्वीकारलाही गेला. एप्रिल २०२१ मध्ये त्याच गटाकडून आणखी शंकास्पद पॅच आल्यावर भडका उडाला. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे बदल घेणंच थांबवलं, आधी घेतलेले पॅच पुन्हा तपासायला काढले, संशोधकांनी माफी मागून पेपर मागे घेतला. विद्यापीठाच्या नैतिकता समितीच्या लेखी तर हे माणसांवरचं संशोधनच नव्हतं! पॅच यंत्र वाचतं, अशी त्यांची कल्पना असावी. जुने पॅच एकेक करून परत वाचायला बसलेले लोक आपला वेळ देत होते, आणि १९९८ पासून टंचाई त्याचीच आहे.

माझ्याकडे सध्या तीन ज्युनिअर्सचे बदल पडून आहेत. त्यातला एक सीमा-अटी हाताळणारं फंक्शन पूर्ण बदलतो. तो नीट वाचायला मला अख्खा दिवस लागेल आणि तो दिवस मी दोन आठवडे पुढे ढकलतेय. काल तिनं तोच बदल परत पाठवला, सोबत एकही शब्द न लिहिता. कर्नलच्या रिवाजानुसार तिचं काहीच चुकलेलं नाही.